त्र्याहत्तर अंश, सत्तेचाळीस कला

सोमनाथ गायधनींना नाशिकचे अक्षांश-रेखांश तोंडपाठ होते. घरात एरवी त्याचा कोणाला काही उपयोग नव्हता. पण त्या दिवशी त्यांची सून उज्वला गच्चीवर सोलर बसवायचं म्हणून मोबाइलवर माहिती भरत होती आणि तिथे घराचे अक्षांश-रेखांश विचारले होते. हे आणि काय आता, असं ती पुटपुटली. सोमनाथांनी पेपर खाली ठेवला आणि सांगितलं की त्यात काय एवढं, लिही, एकोणीस पॉइंट एकोणसाठ आणि त्र्याहत्तर पॉइंट सत्तेचाळीस. सासरे विचारल्याशिवाय बोलत नाहीत आणि विचारलं तरी आधी घसा खाकरतात, हे उज्वलाला माहीत होतं. त्यांचा एवढा ठाम आवाज ऐकून तिने निमूटपणे आकडे टाकले. नकाशा सरकला आणि एका हिरव्यागार ठिकाणी जाऊन थांबला.

"बाबा," ती हसत म्हणाली, "आपलं घर कसाऱ्याच्या खाली जंगलात दाखवतंय."

नेट हळू असेल, असं सोमनाथ म्हणाले. उज्वलाने मग मोबाइललाच आपण कुठे आहोत ते विचारलं. नकाशा बरोबर पाथर्डी फाट्याजवळ आला, कॉलनीतलं मारुतीचं देऊळसुद्धा दिसायला लागलं. खाली आकडे होते एकोणीस पॉइंट चौऱ्याण्णव आणि त्र्याहत्तर पॉइंट शहात्तर. तिने तेच भरून टाकले आणि ती कुकर बघायला आत गेली. सोमनाथ चष्मा पुसत बसून राहिले. पाथर्डी फाटा म्हणजे काही नाशिकचा मध्य नव्हे, थोडा फरक पडायचाच. पण गाव वाढून वाढून किती वाढेल? कसाऱ्याच्या घाटाखाली तर नक्कीच नाही.

त्यांनी पंचांग काढलं. शेवटच्या पानांवर गावांचे अक्षांश-रेखांश होते. नाशिक, एकोणीस अंश एकोणसाठ कला, त्र्याहत्तर अंश सत्तेचाळीस कला. आकडा बरोबर होता. मग त्यांचं लक्ष 'कला' या शब्दाकडे गेलं.

एका अंशाच्या साठ कला असतात, जशी एका तासाची साठ मिनिटं. शंभर नव्हेत. सत्तेचाळीस कला म्हणजे पॉइंट सत्तेचाळीस नव्हे. सत्तेचाळीसला साठाने भागायचं, म्हणजे येतं पॉइंट अठ्ठ्याहत्तर. कारखान्यात ओव्हरटाइमचे साडेतीन तास कोणी तीन पॉइंट तीस असे लिहिले असते तर सोमनाथांनीच ते खोडून तीन पॉइंट पाच केले असते. आणि इथे मात्र त्यांनी अंशापुढे एक टिंब देऊन कला तशाच्या तशा लिहून टाकल्या होत्या. एकदाच, पहिल्या दिवशी. त्यानंतर ते टिंब तिथेच होतं.

हे टिंब कुठे होतं ते सांगायचं तर सोमनाथांची थोडी हकीकत सांगावी लागेल.

त्यांनी उभं आयुष्य अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काढलं. मशीनवरून उतरलेल्या पिना मायक्रोमीटरमध्ये धरायच्या, आकडा वाचायचा, पास किंवा रिजेक्ट. त्या खात्यात एक पिवळा ट्रे होता. जो नग अगदी मर्यादेच्या काठावर मोजला जाईल, तो पासमध्येही टाकायचा नाही आणि भंगारातही नाही. तो पिवळ्या ट्रेमध्ये ठेवायचा. जेवणाच्या सुट्टीनंतर दुसऱ्या माणसाने दुसऱ्या मायक्रोमीटरने तो पुन्हा मोजायचा. तरुण पोरं कंटाळून त्याला टाळायची. सोमनाथांनी कधी टाळलं नाही. स्वभावाने ते इतके भिडस्त की कॅन्टीनमध्ये भाजी कमी वाढली तरी बोलायचे नाहीत. पण पिवळ्या ट्रेवरून ते एकदा साहेबांशीही अडून बसले होते, असं त्यांचे जुने सोबती अजून सांगतात.

निवृत्तीनंतर वेळ जाईना. पंचवटीतल्या एका म्हाताऱ्या मास्तरांकडे जाऊन ते पत्रिका मांडायला शिकले. मास्तर सगळं हाताने करायचे, अंश, कला, विकला असं. सोमनाथांना वाटलं, एवढी बेरीज-वजाबाकी कशाला, कारखान्यात शिकलेलं एक्सेल आहे की आपल्याला. महिनाभर खपून त्यांनी एक शीट बनवली. तारीख घाला, वेळ घाला, गाव घाला, की राशी आपोआप पडायच्या. शीटला गावाचे आकडे टिंबाचे लागत. कारखान्यात सगळी मापं टिंबाचीच असायची, त्यामुळे हाताला दुसरं काही सुचलंच नाही. तोवर मास्तर वारले होते, विचारायला कोणी नव्हतं. आणि विचारावं असं त्यांना वाटलंही नव्हतं.

लोक यायला लागले. गायधनी काका पैसे घेत नाहीत आणि कॉम्प्युटरवर काढून देतात, अशी कॉलनीत बोलवा झाली. ज्यांच्याशी आयुष्यभर दोन वाक्यांपलीकडे बोलणं झालं नव्हतं, असे लोक आता दारात चपला काढून 'काका, बघा ना जरा' म्हणत उभे राहायचे. सोमनाथ घसा खाकरायचे आणि सांगायचे. त्यांचं सांगणं कोणीतरी मान हलवत ऐकतंय, हे सुख त्यांना म्हातारपणी मिळालं होतं, आणि ते त्यांना फार आवडायला लागलं होतं.

उज्वला जेवायला बोलवत राहिली, पण ते कॉम्प्युटरसमोरून उठले नाहीत. त्यांच्या हिशोबाने नाशिकची झाडून सगळी पोरं कसाऱ्याच्या जंगलात जन्मली होती. त्यांनी टिंब दुरुस्त केलं आणि एकेक जुनी पत्रिका नव्याने उघडायला घेतली. पहिल्या पत्रिकेत काही बदललं नाही. दुसरीतही नाही. जागा एवढी सरकली तरी जन्माच्या वेळी पूर्वेला जी रास उगवत असते, म्हणजे माणसाचं लग्न, ते केसभरच सरकत होतं. रास तीच राहत होती. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही ते बघत राहिले आणि त्यांच्या जिवात जीव येऊ लागला. एकदा तर स्वतःशी हसलेही, कसाऱ्याची गंमत उज्वलाने नवऱ्याला सांगावी आणि दोघांनी हसावं, असं त्यांना वाटलं.

मग तेजलची पत्रिका उघडली.

तूळ लग्न होतं, अगदी शेवटच्या कलांमध्ये. आता ते ओलांडून वृश्चिकेत आलं होतं, जेमतेम पाऊल टाकल्याएवढं. त्याबरोबर सगळी घरं एकेक सरकली होती. बाराव्या घरातला मंगळ अकराव्यात आला होता. बाराव्यात असला की मुलगी मंगळाची. अकराव्यात त्याला कोणी विचारत नाही.

तेजल म्हणजे जीवन बोराडेची मुलगी. जीवन कारखान्यात त्यांच्या शेजारच्या मशीनवर होता आणि पुढे शेजारच्याच गल्लीत घर बांधून राहिला. तीन वर्षांपूर्वी तेजलचं लग्न अमितशी ठरत आलं होतं. अमित दिंडोरीकडचा, घरची द्राक्षबाग, नोकरी मात्र नाशकात, तिच्याच ऑफिसात. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, घरच्यांची ना नव्हती. तेवढी पत्रिका बघून घेऊ, म्हणून जीवन मोठ्या विश्वासाने सोमनाथांकडे आला. सोमनाथांनी आकडे घातले, कागद छापला आणि सांगितलं की बाराव्यात मंगळ आहे. दिंडोरीची माणसं वाईट नव्हती. त्यांनी तोंडावर काही म्हटलं नाही, फक्त फोन यायचे कमी झाले. मग सोमनाथांनीच सुचवलं की गंगेवर, गोदेच्या घाटावर जाऊन कुंभविवाह करून घ्या, आधी घटाशी लग्न लावलं की दोष जातो. तेजल ऑफिसला अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून नवी साडी नेसून मातीच्या घटाशेजारी बसली. सोमनाथ तिथे होते. तिने एकदाही मान वर केली नव्हती. त्यानंतरही दिंडोरीचा फोन आला नाही, आणि दिवाळीनंतर अमितचं दुसरीकडे लग्न झालं.

पण सोमनाथांना खात होतं ते हे नव्हतं. ते वेगळंच होतं आणि ते कोणालाही माहीत नव्हतं.

कुंभविवाहाच्या आधी एकदा तेजल एकटीच त्यांच्याकडे आली होती. ऑफिसमधून परस्पर आली असावी, हेल्मेट हातातच होतं. बसली नाही. काका, परत एकदा बघाल का, एवढंच म्हणाली. आणि सोमनाथ म्हणाले होते, "बघितलंय बेटा. दोनदा बघितलंय."

दोनदा बघितलं नव्हतं. तूळ शेवटच्या कलांवर आहे, हे मात्र पहिल्याच वेळी दिसलं होतं. पिनेच्या बाबतीत जे त्यांनी कधी केलं नव्हतं ते त्यांनी या मुलीच्या बाबतीत केलं होतं. काठावरचा नग सरळ भंगारात टाकला होता, आणि वर मोजलाय म्हणून सांगितलं होतं.

सांगायला जावं तर आणखी एक अडचण होती. तेजलला आता येवल्याचं स्थळ आलं होतं आणि येत्या रविवारी ती मंडळी यायची होती. मुलाचं नाव राज. घरी पैठणीचे माग, मुलगा स्वतः डिझाइनचं बघतो. जीवन आदल्याच आठवड्यात खुशीत येऊन सांगून गेला होता की मुलगाही मंगळाचाच आहे, मंगळाला मंगळ मिळाला, सुटलो एकदाचे. सोमनाथ गप्प राहिले तर सगळं सुरळीत होणार होतं. बोलले तर मंगळ जाणार, आणि त्याच्यावर जमलेलं हे दुसरं लग्नही जाणार. दोन दिवस ते कॉलनीच्या बागेत नुसते फेऱ्या मारत राहिले. जीवन समोरून येताना दिसला की दुसऱ्या फाटकाने बाहेर पडायचे.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्याने राहवेना, तेव्हा ते बोराडेंकडे गेले. जीवन आणि त्याची बायको लताबाई मटार सोलत बसले होते. सोमनाथांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. कला, साठ, टिंब, कसारा. मंगळ अकराव्यात असल्याचं सांगितलं. 'दोनदा' तेवढं सांगितलं नाही.

लताबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. "भाऊजी, माझ्या पोरीला मी मडक्याशेजारी बसवलं होतं," त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

जीवनने मटाराचं ताट बाजूला सारलं. मग त्याने विचारलं की म्हणजे आता येवलेकरांना काय सांगायचं, मंगळ नाही म्हणून? ते कशाला थांबतील? मध्येच जीवनला काहीतरी आठवलं आणि तो सरसावून बसला. तेजलच्या जन्माची वेळ लिहिली ती त्याच्या मनगटावरच्या घड्याळाची. नर्सने दार उघडून मुलगी झाली म्हणून सांगितलं आणि त्याने घड्याळ बघितलं. ते घड्याळ तर कायम पाच मिनिटं पुढे असायचं. कंपनीची बस चुकू नये म्हणून सगळ्या शिफ्टची घड्याळं पुढे असायची, सोमनाथांचंसुद्धा.

"सोमा, पाच मिनिटं मागे गेलं तर काय होतं?"

सोमनाथांनी मनातल्या मनात हिशोब केला. पाच मिनिटांत लग्न एका अंशाहून जास्त सरकतं. म्हणजे परत तूळ. मंगळ परत बाराव्यात.

"झालं तर मग," जीवन मांडीवर थाप मारत म्हणाला. "मंगळ आहेच. तुझी चूक माझ्या चुकीने फिटली. रविवारी तोंड उघडू नकोस."

क्षणभर सोमनाथांना इतकं हलकं वाटलं की ते उठायलाच निघाले होते. पण मग त्यांना प्रश्न पडला की त्या दिवशी ते घड्याळ खरंच पाच मिनिटं पुढे होतं, की किल्ली द्यायची राहून मागे पडलं होतं? आणि नर्सने दार उघडलं ते कधी? मूल झाल्यावर लगेच, की आधी त्याला पुसून, गुंडाळून, मग? त्या दोन-चार मिनिटांत मंगळ किती वेळा आत-बाहेर करेल? त्यांनी इतकी वर्षं पत्रिकेवर टिंबानंतर चार-चार आकडे छापून दिले होते, आणि वेळ लिहिली होती ती कोणी बसच्या धास्तीने पुढे केलेल्या घड्याळाची, कोणी आठवेल तशी सांगितलेली. त्यांनी कधी कोणाला विचारलंच नव्हतं की घड्याळ कसं चालायचं.

"जीवन, हे मोजता येत नाही रे," ते म्हणाले. "आहे असंही मला म्हणता येत नाही, नाही असंही नाही."

तेजल कधी येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली होती ते दोघांनाही कळलं नव्हतं. तिने सगळं ऐकलं होतं. ती चिडली नाही. ती एवढंच म्हणाली की काकांनी रविवारी यावं आणि आत्ता जे बोलले ते येवल्याच्या लोकांसमोर बोलावं. जीवन काही म्हणणार होता, पण तिने त्याच्याकडे बघितलं आणि तो पुन्हा मटार सोलायला लागला.

रविवारी सोमनाथ इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. राज, त्याचे आई-वडील आणि एक मामा आले होते. पोहे झाले, येवल्याच्या रस्त्याचं बोलणं झालं, कांद्याच्या भावाचं झालं. मामांनी पत्रिकेचा विषय काढला, तेव्हा तेजलने चहाचा ट्रे ठेवता ठेवता सोमनाथांकडे बघितलं. त्यांनी घसा खाकरला. एकदा खाकरला, दोनदा खाकरला. मग हात गुडघ्यांवर ठेवून बोलायला लागले, शाळेत फळ्यापुढे उभ्या केलेल्या पोरासारखे. चूक कशी झाली ते त्यांनी सांगितलं. ती दुरुस्त केल्यावर मंगळ गेला, आणि घड्याळाचं कळल्यावर परत आला, तेही सांगितलं.

"म्हणजे मंगळ आहे की नाही?" राजच्या आईने विचारलं.

"मला माहीत नाही ताई. तीन वर्षांपूर्वीही माहीत नव्हतं. तरी मी सांगितलं."

मामांनी चहाची बशी खाली ठेवली. आमच्याकडे असं चालत नाही, असं काहीसं ते म्हणायला लागले होते. तेवढ्यात राजने, बहुधा ताण असह्य होऊनच, विचारलं की म्हणजे काकांच्या कॉम्प्युटरप्रमाणे ह्यांचा जन्म जंगलातला का? तेजल हसली. हसू आवरायला गेली आणि आणखीच हसली. राजच्या आईने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मग त्या सावकाश म्हणाल्या की राजच्या वेळी त्या दीड दिवस अडल्या होत्या, बाळ किती वाजता झालं ते त्यांना स्वतःलाही माहीत नाही, सासूबाईंनी जी सांगितली ती वेळ लिहिली. सासूबाईंना घड्याळ वाचता येत नव्हतं. मामा त्यांच्याकडे बघतच राहिले. हे त्यांना आजच कळत होतं.

निघताना राजचे वडील जीवनला म्हणाले की पुढच्या रविवारी तुम्ही या येवल्याला, घर बघा, माग बघा, मग बोलू. लताबाईंनी पदराने डोळे टिपले. माणसं गाडीत बसली, जीवन आणि लताबाई फाटकापर्यंत पोहोचवायला गेले.

सोमनाथ दाराशी चप्पल शोधत होते. तेजल कपबश्या गोळा करत होती. दोघंच होते. चप्पल सापडली, तरी ते वाकलेलेच राहिले.

"तेजल, एक राहिलंय," ते म्हणाले. "तू आली होतीस तेव्हा दोनदा बघितलंय म्हणालो होतो. बघितलं नव्हतं मी."

तेजलचा हात थांबला नाही. एक कप दुसऱ्यात घालून तिने तो ट्रेमध्ये ठेवला.

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "तुमच्या कॉम्प्युटरवर उज्वला वहिनींनी विणलेलं ते जाळीचं कव्हर होतं. त्याच्यावर कालचा पेपर पडला होता, परवाचाही होता."

तेव्हाच का नाही बोललीस, हे विचारायचा आपल्याला हक्क नाही, एवढं सोमनाथांना कळत होतं.

"मला वाटलं, मी निघाल्यावर तरी बघाल," ती म्हणाली. "मी कोपऱ्यावर गाडी लावून थोडा वेळ थांबले होते. फोन येईल म्हणून."

बाहेर जीवन कोणाला तरी मोठ्याने रस्ता सांगत होता, द्वारका चौकातून जाऊ नका, तिथे अडकाल. तेजलने ट्रे उचलला. आत जाता जाता ती वळली आणि म्हणाली की पुढच्या रविवारी येवल्याला ती आणि आई-बाबा तिघंच जातील, काकांनी नाही आलं तरी चालेल. आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, असं सोमनाथांना वाटलं.

ते चप्पल घालून बाहेर आले. जीवनने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आज तू बोललास म्हणून झालं रे, असं काहीतरी म्हणाला. सोमनाथ मान हलवून पुढे निघाले. तेजल थांबली होती तो कोपरा त्यांच्या स्वतःच्या गल्लीच्या तोंडाला होता, मारुतीच्या देवळासमोर. रोज दूध आणायला जाताना ते तिथूनच जायचे. तिथे आल्यावर ते थांबले आणि त्यांनी वर आपल्या घराकडे बघितलं. कॉम्प्युटरच्या खोलीची खिडकी तिथून अगदी स्पष्ट दिसत होती.